सर्व्हरचे अद्ययावतीकरण : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

प्रास्ताविक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने सर्व्हरसारख्या तांत्रिक विषयावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांना आगंतुकपणाचे वाटेल. तसे वाटणे साहजिकही आहे. परंतु आजच्या काळात ग्रंथालयातले पुस्तक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची रक्कम आणि रेशनचे धान्य या साऱ्यांची वाट कोठल्या ना कोठल्या सर्व्हरवरून जाते. ज्या यंत्रावर आपले इतके अवलंबून आहे, त्याची देखभाल कशी होते हे थोडेफार तरी प्रत्येकाने जाणून घ्यावे, असे मला वाटते. शिवाय या विषयाशी माझा संबंध केवळ पुस्तकी नाही. 'कमवा व शिका' योजनेखाली मी आपल्या ग्रंथालयात काम करते आणि तेथे माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. ती चूक झाकून उपदेश करण्यापेक्षा ती सांगूनच विषय मांडावा, हे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटले.

माझे वडील गावच्या उपसा जलसिंचन योजनेच्या मोटारीवर कामाला आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांना संगणक येत नाही. पण मोटारीला हात लावण्यापूर्वी ते आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतात. "फ्यूज खिशात असला की दुसरा कोणी येऊन चालू करू शकत नाही," असे ते म्हणतात. या लेखात पुढे जे काही सांगायचे आहे, त्यातले अर्धे या एका सवयीत आलेले आहे. ते मला उशिरा उमगले, एवढेच.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे सेवा देणारा संगणक. आपण घरी वापरतो तो संगणक एका माणसाची कामे करतो. सर्व्हर एकाच वेळी अनेकांच्या विनंत्या ऐकतो व उत्तरे देतो. तो दिसायला अगदी साधा असू शकतो. आपल्या ग्रंथालयाचा सर्व्हर कपाटाशेजारच्या टेबलाखाली असतो आणि त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे.

या यंत्रावर सॉफ्टवेअरचे थर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खाली कार्यप्रणाली. आपल्याकडे ती डेबियन ही आहे. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प जगभरातील स्वयंसेवक चालवतात. तिच्यावर डेटाबेस, म्हणजे सर्व नोंदी जपून ठेवणारे कोठार. त्याच्या जोडीला वेब सर्व्हर, जो पडद्यावर पाने दाखवतो. आणि सर्वांत वर ग्रंथालयाचा कारभार पाहणारे 'कोहा' हे सॉफ्टवेअर.

कोहाचा जन्म मोठा मनोरंजक आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयाची जुनी संगणक व्यवस्था इसवी सन २००० उजाडताच कोलमडण्याची भीती होती. तारखांतील वर्ष दोनच अंकांत लिहिण्याच्या जुन्या पद्धतीमुळे हा प्रश्न तेव्हा साऱ्या जगाला भेडसावत होता. त्यावर उपाय म्हणून १९९९ साली कोहा तयार झाले आणि ३ जानेवारी २००० रोजी कामाला लागले. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. ते जगाला विनामूल्य देण्यात आले. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाविषयी मी लिहिते आहे, त्याचा जन्मच जुनी व्यवस्था वेळेत बदलण्याच्या गरजेतून झाला.

अद्ययावत का करावे?

'चाललेल्या गाडीची खीळ का काढा?' असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनी ती बसवली ते सुटले. ज्यांनी 'पुढे पाहू' म्हटले, त्यांच्यापैकी अनेकांना १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने गाठले. सुमारे दीडशे देशांत त्याचा उपद्रव झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती हाताशी असताना दोन महिने ती न बसवल्याची ही किंमत.

याच्या उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एकदम पाठवले गेले. त्यातील दोषामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कारण पाहिले तर अगदी क्षुल्लक : नव्या फाइलीत २१ रकाने अपेक्षिलेले होते आणि प्रोग्रॅम २० च पुरवत होता. कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतले. पण जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? माणसांना एकेका यंत्रापुढे बसून ती सदोष फाइल हाताने पुसावी लागली. अपडेट टप्प्याटप्प्याने पाठवावे, हा धडा त्यातून सर्वांनी घेतला.

तेव्हा अपडेट न करणे धोक्याचे आणि आंधळेपणाने करणे तितकेच धोक्याचे. मधला मार्ग एकच, तो म्हणजे तयारीने करणे.

माझी चूक

गेल्या वर्षीचा एप्रिल महिना. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. ग्रंथपाल सर दोन दिवस बाहेरगावी गेले होते. शनिवारी सकाळी साडेअकराला सर्व्हरच्या पडद्यावर मला दिसले की, बरीच अपडेटे प्रलंबित आहेत. सरांनी ही क्रिया मला एकदा करून दाखवली होती. ते येण्यापूर्वी काम उरकून ठेवावे, त्यांना बरे वाटेल, असा विचार करून मी ती सुरू केली. देवघेव चालूच होती.

निम्म्या वाटेवर 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा संदेश आला व सर्व ठप्प झाले. डेटाबेस अडून बसला. खिडकीसमोर विद्यार्थ्यांची रांग. मी घाबरले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, काही जुन्या फाइली पुसल्या, आणि तरीही कोहा उघडेना म्हणून आदल्या रात्री आपोआप घेतली गेलेली राखीव प्रत डेटाबेसवर चढवली. मग राहिलेली क्रिया पुरी केली. दुपारी तीन वाजता सर्व सुरळीत सुरू झाले आणि मी स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

सोमवारी तृतीय वर्षाची एक ताई 'नो ड्यूज' दाखल्यासाठी आली. तीस किलोमीटरवरून एसटीने ती आली होती. पडद्यावर तिच्या नावे एक पुस्तक बाकी दिसत होते. ती म्हणाली, "मी शनिवारीच दिलं की! तूच तर घेतलंस." खरोखरच ते पुस्तक मीच माझ्या हाताने घेतले होते. पण कार्यालयातील लिपिकांनी पडद्याकडे बोट दाखवले आणि दंडाची पावती फाडायला घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आले की, शुक्रवारच्या रात्रीची प्रत चढवताना शनिवार सकाळची सगळी देवघेव मी पुसून टाकली होती.

यात सर्वांत बोचणारी गोष्ट नंतर कळली. सरांनी परत आल्यावर सर्व टिपणे तपासली व सांगितले की, डेटाबेसमधील नोंदींना शनिवारी काहीही झालेले नव्हते. तो केवळ जागा मिळण्याची वाट पाहत थांबला होता. जागा मोकळी करून अपुरी राहिलेली क्रिया पुरी केली असती, तर एकही नोंद गेली नसती. नुकसान अपडेटने केले नाही. ते माझ्या उपायाने केले.

पूर्वतयारी

या प्रसंगानंतर सरांनी मला रागावण्याऐवजी शंभर पानी वही दिली आणि तिच्यावर 'सर्व्हर नोंदवही' असे लिहायला लावले. त्यातील पहिल्या पानावर लिहिलेली तयारी येथे क्रमाने देते.

१) काय बदलणार आहे ते वाचावे. प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत तिच्यातील बदलांचे टिपण प्रसिद्ध होते. कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते व तिच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, २४.०५ म्हणजे २०२४ चा मे. मधल्या काळात लहान दुरुस्त्या येतात. लहान दुरुस्ती आणि मोठे स्थित्यंतर यांना एकाच मापाने मोजू नये.

२) सध्याच्या आवृत्त्या लिहून ठेवाव्यात. कार्यप्रणाली, डेटाबेस आणि कोहा यांचे आजचे क्रमांक वहीत असल्याखेरीज परत कोठे जायचे ते कळत नाही.

३) डिस्कवरील जागा पाहावी. 'डीएफ' ही आज्ञा दिली की कोणत्या भागात किती जागा उरली ते दिसते. नव्या फाइली आधी उतरवून घ्याव्या लागतात, मग उलगडाव्या लागतात. म्हणून जागा दुप्पट लागते. आमच्या सर्व्हरवर जुन्या राखीव प्रती आणि नोंदफाइली साचून डिस्क भरत आली होती, आणि मी ते पाहिलेच नव्हते.

४) ताजी राखीव प्रत घ्यावी. 'रात्री आपोआप निघते' यावर विसंबू नये. देवघेव थांबवून, अपडेटच्या अगदी आधी प्रत घ्यावी. ती डेटाबेसची तर हवीच, शिवाय मांडणीच्या फाइलींचीही हवी. तिची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर किंवा बाहेरच्या डिस्कवर असावी. चोरी होईल म्हणून तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत कोणी ठेवत नाही.

५) प्रत चालते का ते पाहावे. या मुद्द्यासाठी गिटलॅब या कंपनीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसचे कोठारच पुसले गेले. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले. राखीव प्रतींच्या अनेक व्यवस्था होत्या, पण वेळेवर पाहिले तर बहुतेक निरुपयोगी निघाल्या. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे, म्हणून प्रत निघतच नव्हती. आणि ती निघत नसल्याची सूचना देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक नक्कल हाती लागली म्हणून कंपनी तरली. कंपनीने ही सारी हकिगत स्वतःच जाहीर केली, हे तिचे मोठेपण. तेव्हा प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. जुन्या एखाद्या संगणकावर ती चढवून पाहावी. पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या आणि शेवटच्या देवघेवीची तारीख जुळते का ते ताडावे.

६) रंगीत तालीम करावी. त्याच जुन्या संगणकावर आधी अपडेट करून पाहिले, की प्रत्यक्ष प्रयोगात फजिती होत नाही. किती वेळ लागतो तेही कळते.

७) वेळ विचारपूर्वक निवडावी. परीक्षेचा आठवडा नको, सुटीच्या आदला दिवस नको. आम्ही आता मंगळवारी सायंकाळी, देवघेव बंद झाल्यावर करतो; कारण बुधवारी सकाळी सर आणि मी दोघेही हजर असतो. यूपीएस किती वेळ तग धरतो हेही पाहून ठेवतो, कारण वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही.

८) सर्वांना आधी सांगावे. दोन दिवस आधी फलकावर सूचना लावावी व ठरल्या वेळी देवघेव खरोखर थांबवावी. वडिलांच्या खिशातला फ्यूज तो हाच. काम चालू असताना मागून कोणी नोंदी करीत राहिला, तर मागे जाण्याची वाट बंद होते.

९) मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. 'रात्री आठपर्यंत नीट झाले नाही, तर पूर्वस्थितीवर जायचे' हे शांत डोक्याने आधी लिहिलेले असावे. घाबरलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय कसा असतो, ते मी सांगितलेच आहे.

प्रत्यक्ष कृती

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर आणणे-बसवणे हे काम 'एपीटी' नावाचा कारभारी करतो. त्याला दोन वेगवेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात आणि नवख्या माणसाचा त्यांत घोटाळा होतो. 'एपीटी अपडेट' म्हटल्याने काहीही बदलत नाही. बाजारात कोणता नवा माल आला आहे त्याची यादी तेवढी ताजी होते. 'एपीटी अपग्रेड' म्हटले की माल खरोखर घरात येतो. तिसरी 'फुल-अपग्रेड' ही आज्ञा गरज पडल्यास काही जुनी सॉफ्टवेअरे काढूनही टाकते; म्हणून तिची यादी दोनदा वाचल्याशिवाय होकार देऊ नये. प्रत्यक्ष काही न करता 'काय काय होईल' एवढेच दाखवण्याची सोयही एपीटीत आहे. आधी ती वापरावी, आणि यादीतील 'काढले जाणार' हा परिच्छेद विशेष काळजीने वाचावा.

दूरच्या संगणकावरून जोडणी करून काम करीत असल्यास 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' यांच्या आश्रयाने करावे. म्हणजे मधेच नेट तुटले, तरी सर्व्हरवरची क्रिया चालू राहते.

क्रिया चालू असताना यंत्र कधी कधी एक प्रश्न विचारते : अमुक मांडणीची फाइल तुम्ही पूर्वी बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घालू? येथे घाईने नवी घातली, तर आपण वर्षानुवर्षे जमवलेली बसवणूक जाते. साधारणतः आपली ठेवावी, फरक दाखवण्यास सांगून तो पाहावा आणि दोन्हींची नक्कल राखावी. उत्तर काय दिले ते वहीत लिहावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्यप्रणालीची मोठी आवृत्ती, डेटाबेसची मोठी आवृत्ती आणि कोहाची मोठी आवृत्ती एकाच संध्याकाळी बदलली आणि काही बिघडले, तर दोष कोणाच्या पदरात घालायचा?

एकाहून अधिक सर्व्हर असतील तर ते सारे बदलले की नाही, हे मोजून पाहावे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवे सॉफ्टवेअर बसले, आठव्यावर बसवायचे राहून गेले. त्या एका सर्व्हरवर पडून असलेला जुना, निकामी समजलेला प्रोग्रॅम जागा झाला व भलतेच सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वी त्या चुकीची चाहूल देणारे ९७ ईमेल यंत्रणेने पाठवले होते. त्यांची दखल कोणी घेतली नाही. आणि पुढचे ऐकण्यासारखे आहे : गोंधळात त्यांनी ज्या सात सर्व्हरांवर नवे सॉफ्टवेअर बरोबर बसले होते, त्यांच्यावरूनच ते काढले. त्यामुळे संकट आणखी वाढले. हे वाचले तेव्हा मला माझा शनिवार आठवला. मोठ्या माणसांच्या चुकाही आपल्यासारख्याच असतात. फक्त आकडे मोठे असतात.

शेवटी तपासणी. 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेने प्रत्येक सेवा चालू आहे का ते कळते. यंत्र पुन्हा सुरू करण्याची गरज असेल तर तीही आजच पुरी करावी. नाहीतर तीन महिन्यांनी वीज गेल्यावर यंत्र उठत नाही आणि कारण कोणालाच आठवत नाही. पण सेवा 'चालू' आहे म्हणजे ती 'बरोबर' आहे असे नव्हे. म्हणून वाचक होऊन पाहावे : पुस्तक शोधावे, एक देऊन पाहावे, परत घ्यावे, दंडाचा हिशेब पाहावा, दाखला छापून पाहावा.

बिघाड झाल्यास

सर्वांत पहिला नियम : हात मागे घ्यावा. पडद्यावर काय आले आहे ते शब्दशः लिहून घ्यावे किंवा त्याचे छायाचित्र काढावे. दहा चुका दिसत असतील, तर पहिली शोधावी. बाकीच्या नऊ बहुधा तिच्याच लेकी असतात.

दुसरा नियम : काय बदलले ते पाहावे. डेबियनमध्ये कोणते सॉफ्टवेअर कोणत्या दिवशी, किती वाजता बदलले याची नोंद आपोआप राहते. सेवेने काय तक्रार केली ते 'जर्नलसीटीएल' सांगते. अंदाज करण्यापूर्वी या नोंदी वाचाव्यात. इतिहासाच्या तासाला सर सांगतात तसे, आधी साधने पाहावीत, मग मत बनवावे.

नेहमी भेटणारे काही बिघाड व त्यांवरील उपाय असे :

जागा संपली असल्यास 'एपीटी क्लीन' या आज्ञेने उतरवून ठेवलेल्या फाइली निघून जातात. जुन्या राखीव प्रती पुसू नयेत, बाहेरच्या डिस्कवर हलवाव्यात. जागा होताच डेटाबेस सुरू झाला का ते पाहावे.

क्रिया अर्धवट राहिली असल्यास यंत्र बंद-चालू करू नये; कार्यप्रणालीचा गाभाच अर्धवट बसलेला असेल, तर ते उठणारच नाही. 'डीपीकेजी' या साधनाला 'राहिलेली मांडणी पुरी कर' अशी आज्ञा देता येते, आणि तुटलेले परस्परसंबंध जोडण्याची आज्ञा एपीटीतही आहे. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते.

'कुलूप दुसऱ्याकडे आहे' असा संदेश आल्यास कुलपाची फाइल पुसण्याचा मोह टाळावा. बहुधा आपोआप चालणारे दुसरे अपडेट मागे चालू असते. ते संपण्याची वाट पाहावी.

नव्या गाभ्यावर यंत्र सुरू होत नसल्यास सुरुवातीच्या यादीतून जुना गाभा निवडता येतो. डेबियन सहसा मागील गाभा ठेवून देते. म्हणून जुने काढून टाकण्याची घाई करू नये.

पुस्तके शोधात सापडत नसल्यास, पण दाखल क्रमांकाने नोंद उघडत असल्यास, नोंदी सुरक्षित आहेत. फक्त शोधसूची बिघडली आहे. कोहात ही सूची डेटाबेसपासून वेगळी असते आणि ती नव्याने बांधता येते. येथे राखीव प्रत चढवणे म्हणजे दार अडकले म्हणून घर पाडणे होय.

राखीव प्रत हा शेवटचा उपाय. मोठ्या आवृत्तीत डेटाबेसची रचनाच बदलते. नव्या रचनेवर जुने सॉफ्टवेअर चालत नाही. तेव्हा मागे जायचे म्हणजे जुने सॉफ्टवेअर आणि जुनी प्रत दोन्ही एकत्र न्यावी लागतात. आणि प्रत घेतल्यानंतर जे जे घडले ते सर्व त्या क्षणी पुसले जाते. म्हणून ती चढवण्यापूर्वी, बिघडलेल्या स्थितीचीही एक प्रत काढून ठेवावी. मी तेवढे जरी केले असते, तरी शनिवारची सकाळ परत मिळाली असती.

उपसंहार

आता त्या ताईचे काय झाले ते सांगते. देवघेव खिडकीवर बसणारे आमचे ग्रंथालय परिचर मामा अनेक वर्षांच्या सवयीने एका लांबट वहीत कार्डाचा क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक टिपून ठेवतात. संगणक आल्यावर ही वही कशाला, असे मी त्यांना एकदा हसून विचारले होते. त्या सोमवारी त्यांनी काही न बोलता ती वही माझ्यापुढे सरकवली. शनिवारच्या ४१ नोंदी त्यात होत्या. सतराव्या ओळीत त्या ताईचा कार्ड क्रमांक होता व पुढे 'जमा' असे लिहिलेले होते. पावती फाडली गेली नाही, दाखला मिळाला. मी त्या ४१ नोंदी पुन्हा संगणकात घातल्या तेव्हा मामा म्हणाले, "पोरी, लाइट गेली की तुझं यंत्र झोपतं. वही कधी झोपते का?"

शनिवारी मामा अर्धा तास चहाला गेले होते. तेवढ्या वेळाची नोंद मात्र कोठेच नाही. उन्हाळ्यातील पडताळणीत एक पुस्तक कमी भरले. ते कपाटातही नाही आणि कोणाच्या नावावरही नाही. कोणाला दिले ते मला आठवत नाही. ज्याच्याकडे ते असेल त्याने आणून द्यावे. दंड लागणार नाही, अशी सरांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे.

या सर्वांतून मी एवढेच शिकले की, सर्व्हरवरच्या प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. ओळ चुकली तर यंत्राचे काही बिघडत नाही; खरे बोलणारा माणूस खोटा ठरतो. पंप दुरुस्त करताना वडील जी काळजी घेतात ती यंत्रासाठी नसते, खाली विहिरीत उतरलेल्या माणसासाठी असते. मी आता अपडेट करण्यापूर्वी 'सर्व्हर नोंदवही'तील पहिले पान उघडते, एकेका मुद्द्यापुढे खूण करते आणि शेवटी खाली सही करते. सर म्हणतात, सही केली की माणूस एकदा तरी विचार करतो.

 विषय मोठा आहे व माझा अधिकार लहान; काही उणे राहिले असल्यास जाणत्यांनी दाखवून द्यावे.